चार लाखांचं वाचनालय, पाच कोटींची रेघ: छोट्या ट्रस्टचे हिशेबाचे नियम सोपे म्हणजे किती सोपे?

गावातलं सार्वजनिक वाचनालय, महिला मंडळ, तालीम, मुलींचं छोटंसं वसतिगृह, यातलं काहीही तुम्ही चालवत असाल किंवा नुसतं कमिटीवर नाव असेल तरी एक गोष्ट माहीत असणार, की मार्च संपला की खजिनदारांचं टेन्शन सुरू होतं. पैशाचा गोंधळ असतो असं नाही, पैसे जागेवर असतात, पावत्याही असतात, पण कुठला फॉर्म कुठे भरायचा हेच कळत नाही. हल्ली "छोट्या संस्थांसाठी नियम सोपे केले" असं बऱ्याचदा कानावर येतं, २०२५ च्या बजेटनंतर तर जास्तच, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहावं की नेमकं काय सोपं झालंय, काय अजिबात झालेलं नाही, आणि खरंच सोपं करायचं असेल तर कुठे हात घालावा लागेल.

आधी मुळातली गोष्ट. महाराष्ट्रातल्या संस्थेला हिशेब एका ठिकाणी देऊन भागत नाही, दोन ठिकाणी द्यावा लागतो. एक धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस आणि दुसरं इन्कम टॅक्स. दोघांचे कायदे वेगळे, फॉर्म वेगळे, पोर्टल वेगळं, पासवर्डही वेगळे.

धर्मादायवाल्यांचा कायदा म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०, जुनी माणसं अजून बॉम्बे पब्लिक ट्रस्ट ॲक्टच म्हणतात. आपल्याकडे १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थांचीही इथे पब्लिक ट्रस्ट म्हणून नोंद होते, त्यामुळे बहुतेक मंडळांकडे दोन सर्टिफिकिटं असतात. या कायद्याप्रमाणे ३१ मार्चला वही बंद करायची, सहा महिन्यांच्या आत ऑडिट करून घ्यायचं, शेड्यूल आठमध्ये ताळेबंद, शेड्यूल नऊमध्ये उत्पन्न-खर्च पत्रक आणि सोबत नऊ-सी (धर्मादाय अंशदान लागू होणाऱ्या उत्पन्नाचं पत्रक), हे सगळं ऑनलाइन चढवायचं. विश्वस्त बदलला, कोणी वारलं, राजीनामा दिला, की ९० दिवसांत बदल अर्ज. वर्ष सुरू व्हायच्या आधी अंदाजपत्रकही द्यायचं असतं, ते बऱ्याच छोट्या संस्थांना माहीतच नसतं, आणि त्यासाठीची उत्पन्नाची मर्यादा नियमात वर्षानुवर्षं हजारांत ठरलेली, म्हणजे आजच्या महागाईत जवळपास प्रत्येक संस्था त्यात बसते.

दुसरीकडे इन्कम टॅक्स. संस्थेला टॅक्स लागू नये म्हणून १२ए ची नोंदणी, देणगीदाराला सवलत मिळावी म्हणून ८०जी. या दोन्ही घेतल्या की नियम पाळणं आलं. (१ एप्रिल २०२६ पासून लागू असलेल्या आयकर कायदा २०२५ मध्ये कलमांचे नंबर बदललेत, पण लोकांच्या तोंडी जुनेच नंबर आहेत म्हणून मीही तेच वापरतोय.)

आता एक उदाहरण घेऊ म्हणजे डोळ्यासमोर येईल. समजा एक वाचनालय आहे, वर्षाचं उत्पन्न चार लाख, त्यात थोडं सरकारी अनुदान, थोडी वर्गणी, गावातल्याच मुंबई-पुण्यात गेलेल्या लोकांनी दिलेल्या देणग्या. एक पगारी ग्रंथपाल, लाईट बिल, पेपर, मासिकं, नवीन पुस्तकं. सगळ्या वर्षाचे व्यवहार एका दोनशे पानी वहीत आरामात मावतात. या संस्थेला वर्षभरात काय काय करावं लागतं?

टॅक्सची सवलत धरायच्या आधीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर गेलं की ऑडिट लागतं. ही मर्यादा बरीच वर्षं अडीच लाख धरत आलेत, करप्रणालीप्रमाणे ती बदलू शकते म्हणून सीएला विचारून घ्या, पण चार लाखांचं वाचनालय ऑडिटच्या कक्षेत येतं असं धरूनच चाला. मग नियम १७एए लागतो, जो ऑगस्ट २०२२ मध्ये आला. त्यात कुठल्या वह्या ठेवायच्या याची लांबलचक यादी आहे. कीर्द, खतावणी, जर्नल, दिलेल्या पावत्यांच्या स्थळप्रती, आलेली मूळ बिलं, हे तर झालंच, त्यावर प्रत्येक उपक्रमाची वेगळी नोंद, उत्पन्न कुठे वापरलं त्याची नोंद, मागच्या वर्षीची शिल्लक यंदा वापरली तर त्याची वेगळी, मूळनिधीसाठी म्हणून आलेल्या देणग्यांची वेगळी, कर्जाची, मालमत्तेची, आणि विश्वस्त व त्यांच्या नातेवाइकांशी झालेल्या व्यवहारांची. हे सगळं संबंधित आकारणी वर्ष संपल्यापासून दहा वर्षं सांभाळायचं. कॉम्प्युटरवर ठेवलं तरी चालतं, ही त्यातली चांगली गोष्ट.

त्यानंतर सीए ऑडिट रिपोर्टचा फॉर्म १०बीबी भरतो, ३० सप्टेंबरच्या आत. सीएने अपलोड केलं म्हणजे काम झालं असं नाही हां, संस्थेच्या लॉगिनमधून तो फॉर्म ॲक्सेप्ट करावा लागतो, आणि हे पुष्कळ ठिकाणी राहून जातं कारण ओटीपी जातो जुन्या सेक्रेटरींच्या मोबाइलवर आणि ते असतात मुलाकडे दुबईला. मग ऑक्टोबर अखेरीस आयटीआर-७, म्हणजे संस्थेचं इन्कम टॅक्स रिटर्न. त्याच्या आधी, ३१ मे पर्यंत, ८०जी असेल तर फॉर्म १०बीडी, त्यात प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, पॅन किंवा आधार, रक्कम, आणि मग त्यातून निघालेलं १०बीई सर्टिफिकीट प्रत्येकाला द्यायचं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये फी, ती जास्तीत जास्त त्या देणगीच्या रकमेइतकी होते एवढं बरं, पण दंडाचं कलम वेगळं आहे आणि तो दंड कमीत कमी दहा हजार ते एक लाख. पाचशे-हजाराच्या देणग्या गोळा करणाऱ्या संस्थेसाठी दहा हजार म्हणजे किती, हे सांगायला नको.

आणखी एक गुंता आहे जो कोणी समजावून सांगत नाही. मार्चचं लाईट बिल तुम्ही एप्रिलमध्ये भरलं. ताळेबंद नीट करायचा तर ते मार्चचाच खर्च म्हणून धरून देणं दाखवायचं. पण इन्कम टॅक्सच्या ८५ टक्क्यांच्या हिशेबात, म्हणजे उत्पन्नाचा किमान ८५ टक्के भाग कामावर लावला का हे बघताना, २०२२ च्या बदलापासून पैसे प्रत्यक्ष दिले तरच तो खर्च धरतात. म्हणजे तेच बिल एका हिशेबात यंदाचं आणि दुसऱ्यात पुढच्या वर्षीचं. मोठ्या हॉस्पिटल ट्रस्टला हे झेपतं, त्यांच्याकडे अकाउंट्स डिपार्टमेंट असतं. वाचनालयाकडे काय असतं, तर बँकेतून रिटायर झालेले एक काका असतात जे संध्याकाळी येऊन बसतात, आणि त्यांना दोन्ही हिशेब एकाच वहीतून काढायचे असतात.

आता मुद्द्यावर येतो. इन्कम टॅक्सच्या नियमात छोटं-मोठं असा फरक आहे का? आहे, पण रेघ कुठे मारलीय ते बघा. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑडिटचे फॉर्म नव्याने आले. उत्पन्न पाच कोटींच्या वर असेल तर मोठा फॉर्म १०बी, खाली असेल तर त्यामानाने लहान १०बीबी. म्हणजे अडीच लाखांच्या खाली जवळजवळ काही नाही, आणि अडीच लाखांपासून पाच कोटींपर्यंत सगळ्यांना तोच फॉर्म, त्याच वह्या, त्याच तारखा. पाच कोटी म्हणजे अडीच लाखांच्या दोनशे पट. या दोनशे पटीच्या पट्ट्यात मधे एकही पायरी नाही. दोन पोती ज्वारी मोजायला ट्रकचा वजनकाटा लावल्यासारखं आहे हे, वजन निघेल कदाचित, पण त्याची गरज काय आणि खर्च कोणाच्या माथी.

आणि या १०बीबीमध्येही एक पाचर आहे. उत्पन्न कितीही कमी असो, संस्थेने परदेशी देणगी घेतली किंवा उत्पन्नातला काही भाग भारताबाहेर वापरला, तर थेट मोठा फॉर्म १०बी. म्हणजे आपल्याच वाचनालयाला एफसीआरए नोंदणी (परदेशी देणगी घेण्यासाठी लागणारी) असेल आणि अमेरिकेतल्या कुणा मराठी माणसाने पुस्तकांसाठी थोडे डॉलर पाठवले तर चार लाखांची संस्था पाच कोटींच्या वरच्या रांगेत जाऊन बसते. इथे एक फरक लक्षात ठेवा, तो माणूस भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत, पण त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, भले ओसीआय कार्ड असो, तर ती परदेशी देणगी. गावाकडच्या शाळेला मदत करायची म्हणून लोक प्रेमाने पैसे पाठवतात आणि घेणाऱ्याला हे माहीत नसतं. एफसीआरए नोंदणी नसताना अशी देणगी घेणं तर कायद्यानेच बंद आहे, आणि नोंदणी असली तर एखाद्या वर्षी एक रुपयाही आला नाही तरी ३१ डिसेंबरपर्यंत परदेशी देणग्यांच्या वार्षिक हिशेबाचा फॉर्म एफसी-४ भरावाच लागतो, शून्याचा.

मग २०२५ मध्ये सोपं झालं ते काय? तीन गोष्टी झाल्या. पहिली, १२ए ची नोंदणी. २०२१ पासून जुन्या कायमच्या नोंदण्या गेल्या आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण आलं, त्यात केवढी पळापळ झाली ते सगळ्यांनी पाहिलंय, नोंदणीच्या अर्जाची, म्हणजे फॉर्म १०ए ची तारीख वाढत वाढत ३० जून २०२४ पर्यंत गेली. आता अर्जाच्या आधीच्या दोन्ही वर्षी उत्पन्न पाच कोटींच्या आत असेल तर नोंदणी दहा वर्षांसाठी मिळते, १ एप्रिल २०२५ नंतर केलेल्या अर्जांना. नवीन संस्थेला सुरुवातीला जी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते तिला मात्र हे लागू नाही. दुसरी, नोंदणीच्या अर्जात काही अर्धवट राहिलं एवढ्यावरून नोंदणी रद्द करायची आणि साठलेल्या मालमत्तेवर टॅक्स लावायचा ही जी टांगती तलवार होती ती काढली. तिसरी, "भरीव देणगीदार" कोण याची व्याख्या बदलली. पूर्वी आजवरची मिळून पन्नास हजारांच्या वर देणगी देणारा प्रत्येक जण आणि त्याचे नातेवाईकसुद्धा संशयाच्या यादीत येत होते, त्यांच्याशी संस्थेचे काय व्यवहार झाले ते सगळं दाखवावं लागायचं. आता वर्षात एक लाख किंवा आजवरचे मिळून दहा लाख याच्या वर असेल तरच, आणि अशा देणगीदाराचे नातेवाईक वगळले.

तिन्ही चांगल्या आहेत, मनापासून सांगतो. तिसरी तर फार गरजेची होती, कारण वीस वर्षांपूर्वी खोली बांधायला साठ हजार दिलेल्या माणसाच्या मेहुण्याचं दुकान कुठलं आणि आपण तिथून कागद घेतले का, हे कोणता खजिनदार सांगू शकणार होता? पण नीट बघितलं तर लक्षात येतं की यातली पहिली सवलत दहा वर्षांत एकदा उपयोगी पडते, दुसरी वाईट वेळ आली तर, आणि दर वर्षी जे ओझं आहे, १०बीबी, १७एए, १०बीडी, ताळेबंद, ते जसंच्या तसं आहे. शिवाय ८०जी ला ही दहा वर्षांची मुदत दिलेलीच नाही, ते पाच वर्षांनीच करायचं. म्हणजे दोन नोंदण्यांच्या तारखा आता वेगवेगळ्या होणार आणि एक विसरायची शक्यता वाढली.

इथे कोणी म्हणेल की सैल सोडलं तर चोरांचं फावेल. ही भीती खोटी नाही. देणगी चेकने घ्यायची, कमिशन कापून रोख परत द्यायची आणि ८०जी ची पावती फाडायची हे धंदे झालेत, १०बीडी आलं ते त्याचमुळे, आणि त्यामुळे देणगीदाराने दाखवलेली रक्कम संस्थेच्या रकमेशी जुळते का हे आता लगेच कळतं. निनावी देणग्यांवरही म्हणूनच ३० टक्के कर आहे, एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख यातलं जे जास्त असेल त्याच्या वरच्या रकमेवर (निव्वळ धार्मिक ट्रस्टना हे लागू नाही, म्हणून देवळाच्या दानपेटीची काळजी नको). हे नियम राहावेत असंच माझं मत आहे. देणाऱ्याचं नाव, आलेली रक्कम, बँकेतली नोंद, विश्वस्तांच्या घरच्यांना गेलेला पैसा, एवढं दिसलं की बहुतेक लबाडी दिसते. चार लाखांच्या संस्थेत चोरी पकडायला कीर्द आणि बँक पासबुक शेजारी ठेवून वाचणारा एक प्रामाणिक माणूस पुरतो, त्याला शंभर रकाने लागत नाहीत. आणि अवघड फॉर्मचा उलटा परिणाम असा होतो की विश्वस्तांना स्वतःच्याच संस्थेचा हिशेब वाचता येत नाही, ते सीए सांगेल तिथे सही करतात, सभेत कोणी प्रश्न विचारत नाही. मला यातली ही बाजू सगळ्यात जास्त खुपते.

दुसऱ्या देशांनी याचं काय केलंय ते बघण्यासारखं आहे, कारण तिथे पायऱ्या आहेत. इंग्लंड-वेल्समध्ये वर्षाचं उत्पन्न २५ हजार पौंडांच्या आत असेल तर हिशेब बाहेरच्या कोणाकडून तपासून घ्यायची सक्ती नाही. त्याच्या वर गेलं तर "स्वतंत्र तपासणी", म्हणजे संस्थेशी संबंध नसलेला, हिशेब कळणारा माणूस वह्या बघतो आणि सही करतो, अडीच लाख पौंडांपर्यंत तो माणूस सीए असायचीही गरज नाही. त्याच मर्यादेपर्यंत, कंपनी म्हणून नोंदलेली संस्था नसेल तर, साधं जमा-खर्च पत्रक चालतं, किती आले किती गेले किती उरले, आणि सोबत मालमत्तेची यादी. पूर्ण ऑडिट साधारणपणे दहा लाख पौंडांच्या वर. आणि तिथल्या सरकारने या मर्यादाही महागाईमुळे कमी पडतात म्हणून वाढवायचं जाहीर केलंय, २५ हजारांची ४० हजार आणि दहा लाखांची पंधरा लाख. ऑस्ट्रेलियात छोट्या संस्थेची मर्यादा अडीच लाख डॉलरवरून पाच लाख केली, त्याच्या आतल्या संस्थेला वार्षिक माहितीपत्रक द्यावं लागतं पण ऑडिट लागत नाही, मधल्यांना, तीस लाखांपर्यंत, ऑडिटऐवजी हलकी तपासणी चालते. न्यूझीलंडमध्ये सर्वात छोट्यांसाठी चौथी श्रेणीच आहे, तिथे रोख जमा-खर्चावर हिशेब चालतो. पौंड-डॉलरचे आकडे आपल्याला लावायचे नाहीत, आपली परिस्थिती वेगळी आहे, घ्यायची ती पायऱ्यांची पद्धत.

आणि गंमत म्हणजे आपल्या १९५० च्या कायद्यात याचं बीज आहेच. कलम ३३ मध्ये ऑडिट सीएकडून किंवा सरकारने अधिकार दिलेल्या माणसाकडून करता येतं असं म्हटलंय, आणि काही ट्रस्टना किंवा ट्रस्टच्या एखाद्या वर्गाला ऑडिटमधून सूट द्यायचा अधिकारही सरकारकडे ठेवलाय. सत्तर वर्षांपूर्वी ज्यांनी हे लिहिलं त्यांना कळत होतं की भजनी मंडळ आणि मोठं देवस्थान एका मापाने मोजायचं नसतं. नवीन कायदा करायची गरज नाही, असलेला अधिकार आजच्या रुपयाप्रमाणे वापरायचा आहे.

माझ्या मते काय व्हायला हवं ते सरळ सांगतो. वर्षाला समजा दहा लाखांच्या आत उत्पन्न, परदेशी देणगी नाही, जमीन विकलेली नाही, अशा संस्थेला एकच दोन पानी पत्रक असावं, मराठीत, त्यात जमा-खर्च, बँक आणि रोख शिल्लक, मालमत्तेची यादी, विश्वस्तांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना दिलेले पैसे, आणि पाच हजारांच्या वरच्या देणगीदारांची यादी. तपासणारा माणूस रिटायर्ड बँक मॅनेजर, कॉमर्सचे प्राध्यापक असाही चालावा, फक्त संस्थेशी त्याचं नातं नसावं. दहा लाख ते एक कोटी सीएची तपासणी पण लहान फॉर्म. त्याच्या वर आत्ताचे नियम. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे पत्रक एकदाच भरलं की धर्मादाय आणि इन्कम टॅक्स दोघांनी तेच वापरावं. पीटीआर (धर्मादायकडचा नोंदणी) नंबर आणि पॅन जोडायचा आहे, दुसरं काय. मर्यादा दर पाच वर्षांनी महागाईप्रमाणे आपोआप वाढाव्यात, नाहीतर आजचे दहा लाख पुढे अंदाजपत्रकाच्या हजारांसारखेच होऊन बसतील. आणि यातलं प्रत्येक पत्रक धर्मादायच्या वेबसाइटवर कुणालाही बघता यावं. छोट्यांना सूट कागदात मिळावी, लोकांसमोर यायला सूट नको, उलट दोन पानी जमा-खर्च गावातला कोणीही वाचू शकेल आणि चावडीवर विचारू शकेल की बाबा हे बारा हजार कशाचे, ही तपासणी कुठल्याही फॉर्मपेक्षा कडक असते.

हे होईल तेव्हा होईल, तोवर आहे त्या नियमांत थोडं सोपं करून घेता येतं. संस्थेचा सगळा पैसा एकाच बँक खात्यातून जाऊ द्या आणि खर्च शक्य तेवढा चेक किंवा यूपीआयने करा, दहा हजारांच्या वरचा रोख खर्च तसाही ८५ टक्क्यांत धरत नाहीत आणि दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीला देणाऱ्याला ८०जी मिळत नाही. मार्चची बिलं ३१ मार्चच्या आतच देऊन टाका, म्हणजे वर सांगितलेला दोन हिशेबांचा गुंताच होत नाही. देणगीची पावती फाडतानाच पॅन किंवा आधार लिहून घ्या, मे महिन्यात फोन करत बसायला नको. पोर्टलवरचा मोबाइल नंबर आणि ईमेल एका माणसाचा न ठेवता संस्थेचा घ्या, एक साधं सिमकार्ड पुरतं. फॉर्म भरायला उशीर झालाच असेल तर घाबरून गप्प बसू नका, १०बीबीचा उशीर माफ करायचा अधिकार आयकर आयुक्तांना आहे, खरं कारण लिहून अर्ज करता येतो. आणि १२ए व ८०जी च्या दोन्ही ऑर्डरी फाइलमधून बाहेर काढून त्यांची मुदत कधी संपते ते वेगवेगळं लिहून ठेवा, कारण नूतनीकरणाचा अर्ज त्या तारखेच्या किमान सहा महिने आधी जावा लागतो.